विचारलं तेवढंच

९ जानेवारी

नाहीच जमत या माणसाला! दुपारभर एकच गोष्ट घोकून घेतेय — विचारलं तेवढंच बोलायचं. आणि हा प्रत्येक उत्तराला शेपूट लावतो. विचारलं, "कंपनीत काय काम करता?" तर म्हणे, "लिफ्टच्या देखभालीचा मुख्य आहे मॅडम, पण आधी साधा फिटर होतो, आमचे वडीलसुद्धा फिटरच, त्यांचा हात असा होता की..." अहो, वडिलांना कशाला कोर्टात आणताय?

ऑफिसात माझं काम हेच. साक्षीदार तयार करणं. थोरले साहेब कोर्टात उभे राहतात — त्यांना उंची आहे, आवाज आहे, चष्मा काढून पुसायची कला आहे. मी मागच्या खोलीत समोरच्या वकिलाचं सोंग घेते आणि साक्षीदाराला घाम फोडते. एकदा माझ्यापुढे घाम गाळला की खऱ्या कोर्टात तो कोरडा राहतो. याला तर मी तोंड उघडायच्या आधीच घाम फुटलेला असतो. येतो तोच मान पुसत, धापा टाकत. मी त्याचं नाव ठेवलंय हातरुमाल. तोंडावर अर्थात 'साहेब'.

खटला असा. एका इमारतीत गाणं शिकवणाऱ्या बाई लिफ्टमधून बाहेर पडत होत्या. दार उघडं असतानाच लिफ्ट वर सरकली. बाई गेल्या. नवऱ्याने दावा लावलाय — ब्रेक खराब होता आणि कंपनीला ते माहीत होतं. कंपनी आमची अशील. ती म्हणते, आम्हाला काही माहीत नव्हतं, इमारतीच्या वॉचमनने किल्ली घालून काहीतरी खाटखूट केली असणार. हातरुमालाने एवढंच सांगायचंय की या ब्रेकची तक्रार माझ्यापर्यंत आली नाही. बाकी काही विचारलं तर 'आठवत नाही'.

जिंकलो की दारावरच्या पाटीवर माझं नाव. थोरले म्हणाले, "या खेपेला नक्की." मागच्या खेपेलाही म्हणाले होते, पण या खेपेला पाटीवाला माप घेऊन गेलाय.

११ जानेवारी

शेजारीण जिन्यात भेटली. "काल पाहुणे होते का? भांडण चाललं होतं वाटतं!"

पाहुणे कसले. मीच. उद्याचे प्रश्न मोठ्याने म्हणून बघते — इकडच्या खुर्चीवरून वकील, तिकडच्या खुर्चीवरून साक्षीदार. "हो, भाऊ आला होता," म्हटलं. मला भाऊच नाही.

१४ जानेवारी

कंपनीचे मालक आले होते. पहिल्या बैठकीसारखेच आजही आत आले तेव्हा तोंड लालबुंद, कोट काढून हातावर. मला वाटलं चिडलेत. पण बोलणं अगदी मधाळ. "आमचा माणूस तयार होतोय ना?" 'आमचा माणूस' कोपऱ्यात बसून स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

थोरल्यांचं नवीन खूळ — डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून जिना चढून येतात. सातवा मजला! या वयात! टायपिस्ट बाई म्हणाल्या, "म्हातारपणी चळ लागलाय साहेबांना." हसू आवरेना. आमच्या इमारतीतल्या लिफ्टही याच कंपनीच्या, गुळगुळीत, आरसेवाल्या. मी त्यात रोज केस नीट करते.

१५ जानेवारी

समोरचा वकील कोण ते कळलं. चिमणी!

माझ्याच हाताखाली शिकली. माझ्याच डब्यातली भाजी खाऊन मोठी झाली. मग एक दिवस म्हणाली, "ताई, मला आता दुसऱ्या बाजूला उभं राहून बघायचंय," आणि गेली. आता एका खोलीचं ऑफिस आहे तिचं, खाली झेरॉक्सचं दुकान. हुशार आहे, पण घाई करते. कागद मागत बसेल. कंपनीत या ब्रेकबद्दल एकही कागद नाही, कारण तिथे अशा गोष्टी कागदावर आणतच नाहीत. तिचा अर्धा दिवस त्यातच जाईल.

बरं वाटायला हवं होतं.

१८ जानेवारी, रविवार

मावशीला फोन. नेहमीप्रमाणे तिचे गुडघे, खालच्या मजल्यावरचं भांडण, माझं वजन. "एकटीने जेवतेस म्हणून अंगाला लागत नाही," म्हणे. फोन ठेवल्यावर दुसऱ्या खोलीतला रेडिओ लावला. ऐकायला नव्हे. तिकडे कुणीतरी आहे असं वाटतं.

२१ जानेवारी

आज जमलं! हातरुमाल वळणावर आला. मी चिमणीचं सोंग घेतलं, हात नाचवत, घाईघाईने. "ब्रेकची स्प्रिंग थकते हे तुम्हाला माहीत होतं?" — "तशी तक्रार आली नाही." — "कुणाशी बोललात?" — "आठवत नाही." — "आठवत नाही की सांगायचं नाही?" — "आठवत नाही." तोंडावरची माशी हलली नाही. मी टाळ्या वाजवल्या. त्याला आनंद झाला नाही. म्हणाला, "मॅडम, हे इतकं सोपं असतं होय?"

खरं सांगायचं तर या माणसाची सवय झालीय. दिवसभरात मी सगळ्यात जास्त त्याच्याशीच बोलते. तेही दुसरीच कुणी बनून.

२३ जानेवारी

फाईल द्यायला चौथ्या मजल्यावर उतरले होते. जिन्याचं दार ढकललं तर पायरीवर हातरुमाल! बूट काढून, डोकं भिंतीला टेकवून. मला बघून धडपडत उठला.

"लिफ्ट बंद आहे का?"

"नाही मॅडम. व्यायाम."

लिफ्टचा मुख्य, आणि लिफ्ट सोडून व्यायाम! हलवाई मिठाई खात नाही म्हणतात तसलंच काहीतरी असेल. मी हसले. लिफ्टमध्ये शिरले. दार लागताना आरशात माझं हसू बघितलं आणि ते मला आवडलं नाही.

२४ जानेवारी

लिहू की नको. लिहितेच. दुसरं कुणाला सांगणार?

आज सरावात, मधेच, न ठरवता विचारलं, "तुम्ही आत्ता सातव्या मजल्यावर कसे आलात?"

त्याच्या तोंडून निघालं, "आठवत नाही."

मी फस्सकन हसले. इतकं पक्कं पाठ! तोही हसला. मग हसता हसता त्याचा चेहरा आवळला आणि त्याने रुमाल तोंडावर धरला. मी पाणी दिलं. उठून दार लावलं. ते दार मी का लावलं? तिथेच थांबायला हवं होतं.

तो म्हणाला, त्या ब्रेकची स्प्रिंग वर्षा-दोन वर्षांत थकते. सगळ्यांची नाही. कुठल्या लिफ्टची थकेल ते बाहेरून कळत नाही. त्याला हात लावून कळलं. वरच्या साहेबांना दोनदा सांगितलं, तोंडी. ते म्हणाले, "तोंडी सांगितलंस ना? मग तोंडीच राहू दे." बाई गेल्या ते त्यानंतर.

"आणि तुम्ही लिहून का नाही दिलंत?"

"मुलगा त्याच कंपनीत आहे मॅडम. नुकता लागलाय."

मग त्याने जे सांगितलं ते कानातून जात नाही. त्याचं घर पाचव्या मजल्यावर. त्या इमारतीत त्याने स्वतः बसवलेली लिफ्ट. बायकोला संधिवात, जिना उतरवत नाही. त्याने तिला लिफ्टमध्ये पाय ठेवायचा नाही म्हणून शपथ घातलीय. कारण सांगितलेलं नाही. ती मागच्या थंडीपासून खाली आलेली नाही. भाजी हा आणतो, औषधं हा आणतो. बहिणीच्या मुलीचं लग्न झालं, गेली नाही. लोकांना वाटतं तिला काहीतरी मोठा आजार आहे. ती खिडकीत बसते आणि हा कामावर निघाला की वरून हात करते.

"माझ्या बायकोला मी वर कोंडून ठेवलंय मॅडम."

आणि मी काय म्हणाले? सांत्वनाचे दोन शब्द? छे! मी म्हणाले, "हे तुम्ही मला सांगायला नको होतं."

२५ जानेवारी, रविवार

मावशीच्या इमारतीतही त्याच लिफ्ट. ती सहाव्या मजल्यावर. फोन केला.

"मावशी, लिफ्ट वापरू नकोस."

"का गं?"

"अशीच. पायांना व्यायाम."

"माझ्या गुडघ्यांना व्यायाम? डोकं ठिकाणावर आहे ना? मग रोज देवदर्शनाला काय खिडकीतून उडी मारू?"

सांगता येत नाही. अशिलाने सांगितलेलं आणि अशिलाच्या माणसाने सांगितलेलं, वकिलाच्या पोटातच राहायला हवं. तो नियम चांगला आहे. मी स्वतः चिमणीला तो शिकवलाय. शेवटी म्हटलं, "मला वाईट स्वप्न पडलं." "बरं, दोन-चार दिवस नाही जात," म्हणाली. खऱ्या कारणाला ती हसली असती. स्वप्नाला घाबरली.

म्हणजे आता मीही एकीला वर कोंडलं.

२७ जानेवारी

थोरल्यांना सांगावं का?

आमच्या ऑफिसचा एक अलिखित कायदा आहे. साक्षीदाराला काय माहीत आहे ते वरच्यांच्या कानावर घालायचं नाही, तो काय बोलणार आहे तेवढंच घालायचं. ऐकलेलं न ऐकलेलं करता येत नाही. सांगितलं तर थोरल्यांना एक तर खटला सोडावा लागेल, नाही तर जाणूनबुजून खोटं बोलवून घ्यावं लागेल. सोडणार नाहीत. पगार, भाडी, टायपिस्ट बाई, सगळं या एका अशिलावर चाललंय. मग दुसरंच उरतं. आणि ते करताना ते माझ्याकडेच बघतील — तूच कर म्हणून.

आजपासून जिना. सातवा मजला म्हणजे काय ते आज कळलं. पाचव्यावर थोरले भेटले, कठड्याला धरून उभे.

"व्यायाम?" ते म्हणाले.

"व्यायाम."

दोघं एकमेकांसारखेच फुसफुसत होतो. एरवी असतं तर यावर आठवडाभर हसले असते.

३० जानेवारी

कोर्टाच्या व्हरांड्यात तारीख बघायला गेले होते. एका गृहस्थांनी विचारलं, "पिण्याचं पाणी कुठे आहे हो?" दाखवलं. "आभारी आहे बाई," म्हणाले आणि वळले. शर्ट पुढून कडक इस्त्रीचा, पाठीवर नुसत्या चुण्या. आजवर इस्त्री कधी हातात न धरलेल्या माणसाची इस्त्री.

मागून चिमणी आली आणि त्यांच्या कोपराला धरून घेऊन गेली. तेव्हा कळलं कोण ते. गाणं शिकवणाऱ्या बाईंचे यजमान. चिमणीने माझ्याकडे बघून मान हलवली. तिची मान हलवायची पद्धत माझीच आहे.

मला तिच्यामागे धावत जाऊन एवढंच म्हणायचं होतं — कागद मागू नकोस, आमच्या साक्षीदाराला विचार घरी जिन्याने जातो की लिफ्टने. धावले नाही. सनद जाईल म्हणून नव्हे. म्हणजे, त्यासाठीच.

२ फेब्रुवारी

पाटी आली. माझं नाव थोरल्यांच्या नावाखाली. अक्षरं छान पडलीत. खटला होईपर्यंत लावायची नाही, म्हणून मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलीय. शिक्षा दिल्यासारखी.

४ फेब्रुवारी

नीट लिहिते.

सकाळी थोरल्यांनी बोलावलं. खूष होते. कंपनीतल्या कुणीतरी सांगितलं होतं त्यांना. "अगं, आपला साक्षीदार आपल्याच अशिलाच्या लिफ्टच्या इमारतीत राहतो! आणि तू मला बोलली नाहीस! हा तर हुकमाचा एक्का आहे. ज्याला लिफ्टचं सगळं माहीत, तो स्वतःच्या बायकोला त्याच लिफ्टमध्ये रोज बसवतो — यापुढे कागद काय करणार? शेवटचा प्रश्न हाच. मी स्वतः विचारणार."

मी उभीच.

"राहतो ना तो तिथे?"

"हो."

"लिफ्ट आपल्या अशिलाचीच?"

"हो."

"बायको असते ना बरोबर?"

"हो."

"सराव झालाय ना त्याचा?"

"हो."

सराव झालाय. या प्रश्नाचा नाही, पण तसं त्यांनी विचारलं नाही. बायको लिफ्टने जाते का, हेही विचारलं नाही. आणि मी विचारलं तेवढंच बोलले. लोकांना पढवते ते पहिल्यांदाच स्वतः करून बघितलं. हातरुमाल म्हणाला होता तसंच — सोपं असतं.

ज्याचं उत्तर माहीत नाही तो प्रश्न कोर्टात विचारू नये. हे मला थोरल्यांनीच शिकवलं. त्यांना वाटतंय उत्तर माहीत आहे. कारण मी आहे. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी तोंडघशी पाडलं नाही.

५ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. मी नेमकं काय केलंय? अशिलाचं गुपित बाहेर फोडलं नाही. खोटं बोलले नाही. फक्त एका म्हाताऱ्या माणसाला खड्ड्याच्या दिशेने चालताना बघितलं आणि पुढे खड्डा आहे म्हटलं नाही. कंपनीनेही गाण्याच्या बाईंच्या बाबतीत हेच केलं होतं.

उद्या साक्षीदाराचा शेवटचा सराव.

६ फेब्रुवारी

त्या प्रश्नाचा सराव घेतला नाही. घेतला असता तर तो पढवल्यासारखं 'हो' म्हणाला असता, आणि मग सगळं संपलं असतं. तसं न घेताही तो 'हो' म्हणू शकतो. मुलगा आहे त्याचा. मी त्याच्या जागी असते तर म्हटलं असतं.

जाताना त्याने विचारलं, "मॅडम, काही राहिलं नाही ना?"

"नाही."

हे मात्र खोटं. स्वच्छ, सरळ खोटं. त्याला सावध व्हायचा हक्क होता आणि मी तो खाल्ला. त्याची नोकरी, त्याचा मुलगा, सगळं मी त्याला न विचारता पणाला लावलं. मला वाटायचं मी निदान कंपनीपेक्षा बरी आहे.

९ फेब्रुवारी

झालं.

क्रमाने लिहिते, नाही तर माझाच विश्वास बसायचा नाही.

हातरुमाल कोरडा होता. निळा सदरा, केस पाणी लावून बसवलेले. थोरल्यांनी ठरल्याप्रमाणे नेलं. तक्रार आली का? — माझ्यापर्यंत आली नाही. वरिष्ठांशी काही बोलणं? — आठवत नाही. गुळगुळीत. कंपनीचे मालक मागच्या बाकावर पाय पसरून. बाईंचे यजमान समोर, तोच शर्ट. चिमणी काहीतरी भराभरा लिहीत होती आणि मला दिसत होतं की तिच्या हाती काहीही लागलेलं नाही.

मग थोरल्यांनी चष्मा काढला. पुसला. "आपल्या राहत्या इमारतीत कोणत्या कंपनीची लिफ्ट आहे?"

"आमचीच."

"कुणी बसवली?"

"मीच."

"म्हणजे आपलं कुटुंब रोज त्याच लिफ्टने ये-जा करतं?"

त्याने माझ्याकडे बघितलं. हा प्रश्न आपल्यात झालेला नाही, असं. मी टेबलाकडे बघितलं. टेबलावर कुणीतरी कधीतरी टाचणीने फूल कोरलंय. ते फूल मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"नाही," तो म्हणाला.

इथे थांबायचं असतं! अनपेक्षित उत्तर आलं की त्याला हात लावायचा नाही, दुसरीकडे वळायचं आणि खाली बसायचं. हे बाळबोध आहे. थोरल्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, "नाही म्हणजे?"

इतका कसलेला माणूस, आणि असा कसा गडबडला!

"बायको खाली येत नाही साहेब. मी येऊ देत नाही."

थोरले म्हणाले, "मला आणखी काही विचारायचं नाही," आणि बसले. चिमणी उठली. हातात कागद नव्हता. मी तिला सांगत आले होते की कधीकधी एकाच शब्दाचा प्रश्न पुरतो.

"का?"

तो बोलायला लागला. शेपटासकट बोलला, वडिलांपासून. स्प्रिंग कशी थकते ते दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून न्यायाधीशांना दाखवलं. तोंडी सांगितलेलं, तोंडीच राहिलेलं, सगळं. मालक मधेच उठून बाहेर गेले. बाईंचे यजमान रडले नाहीत. त्यांनी फक्त एकदा मान हलवली, बऱ्याच दिवसांनी ऐकू आल्यासारखी.

थोरल्यांनी कागद गोळा केले. माझ्याकडे न बघता निघाले. मी जिन्याने उतरले.

१० फेब्रुवारी

ऑफिसात कुणी माझ्याकडे बघत नाही. टायपिस्ट बाईंनी चहा आणून ठेवला आणि गेल्या. थोरले आलेच नाहीत. त्यांच्या तोंडावर 'मी मुद्दाम केलं' म्हणायची तयारी करून गेले होते. दोन खुर्च्या मांडून घरी सरावही केला होता.

१३ फेब्रुवारी

कोर्टाचा हुकूम. तसल्या ब्रेकच्या सगळ्या लिफ्ट तपासणी होईपर्यंत बंद. कंपनीने आमच्याकडचे सगळे खटले काढून घेतले. पाटी अजून भिंतीकडे तोंड करून आहे. तिला तिथेच बरं वाटत असेल.

मावशीचा फोन आला, आपणहून! "आमची लिफ्ट बंद केली मेल्यांनी! कुणा वकिलाने म्हणे केस केली. तो भेटला ना, तर चांगली पूजा बांधीन त्याची." पहिल्यांदाच खरं सांगावंसं वाटलं. म्हटलं, "उद्या शनिवार, मी येते. देवळात नेईन तुला. दमलीस की प्रत्येक मजल्यावर बसू." मग म्हणाली, "स्वप्न खरं होतं होय गं?"

१५ फेब्रुवारी

हातरुमालाचा फोन. नोकरीतून थांबवलंय त्याला. मुलाला अजून नाही, पण काढतील असं तो म्हणाला. मी माफी मागायला सुरुवात केली — तो प्रश्न मला माहीत होता, मी तुम्हाला सावध केलं नाही.

"मला वाटलंच होतं," म्हणाला. "मॅडम, राग आला मला तुमचा. खोटं कशाला बोलू. पण त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं. सगळं. ती म्हणाली, मला वाटायचं तुम्हाला माझी लाज वाटते म्हणून बाहेर नेत नाही."

मग म्हणाला, "ती विचारतेय, तुम्ही चहाला याल का? पाच मजले आहेत हं. जिन्याने."

येते म्हटलं. फोन ठेवून खूप रडले. आज रेडिओ लावला नाही.

१७ फेब्रुवारी

थोरले चौथ्या मजल्यावरच्या पायरीवर बसलेले. धाप लागलेली. मी शेजारी बसले. पाठ केलेलं तोंडावर आणलं, "सर, मी मुद्दाम—"

"माहीत आहे," म्हणाले. "एवढ्या वर्षांत तू मला कधी एका शब्दात उत्तर दिलं नाहीस. त्या दिवशी लागोपाठ चार वेळा 'हो' म्हणालीस."

"मग प्रश्न विचारलात कशाला?"

"कंपनीचा मालक पहिल्या बैठकीला आपल्याकडे जिना चढून आला होता. कोट हातावर, तोंड लाल. तेव्हापासून मीही जिनाच चढतोय. डॉक्टर वगैरे काही नाही. तुला विचारलं नाही, कारण तू सांगितलं असतंस तर मला ते लपवावं लागलं असतं."

पहिल्या बैठकीपासून! आणि मी मागच्या खोलीत त्या माणसाकडून 'आठवत नाही' घोकून घेत होते. राग यायला हवा होता. आला. पण ते उठायला लागले तेव्हा मी हात पुढे केला. वरचे मजले आम्ही बरोबर चढलो. इतके दिवस एकाच जिन्यावर होतो, आणि मला वाटत होतं मी एकटीच आहे.